ब्रिजमधली नेहमीची कन्व्हेन्शन्स: पहिल्या बोलीच्या पुढचं सगळं

नवी जोडी बसली की पहिल्या पाच मिनिटांत कन्व्हेन्शन्सच्या, म्हणजे बोलींना आपसांत ठरवून दिलेल्या खास अर्थांच्या, नावांची देवघेव होते. स्टेमन? हो. ट्रान्सफर? हो. ब्लॅकवुड? की-कार्ड, चौदा-तीस. झालं, खेळायला सुरुवात. मग तिसऱ्या डावात १ नोट्रम्प (नोट्रम्प म्हणजे हुकूम नसलेला डाव) – २ किलवर – २ बदाम – ३ नोट्रम्प अशी बोली होते आणि ओपनर, म्हणजे पहिली बोली लावणारा, विचारात पडतो, भिडूकडे इस्पिक आहे का? कन्व्हेन्शनचं नाव दोघांनाही माहीत असतं. पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तरही पाठ असतं. डाव बुडतात ते तिसऱ्या-चौथ्या बोलीला, किंवा विरोधक मध्येच काही बोलला की. म्हणून इथे कन्व्हेन्शन्स मोजकीच घेतली आहेत, पण पुढच्या बोलींसकट.

गृहीत धरलेली पद्धत अशी: १ इस्पिक किंवा १ बदाम उघडायला पाच पानं, १ नोट्रम्पला १५ ते १७ गुण आणि समतोल वाटप. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. दोघांचे मिळून २५ झाले की ३ नोट्रम्प किंवा मेजरमधला गेम, ३३ ला सहाचा स्लॅम (तेरांपैकी बारा हात), ३७ ला सातचा (सगळे तेरा). मेजर म्हणजे इस्पिक आणि बदाम, मायनर म्हणजे चौकट आणि किलवर. गेमला १०० गुण लागतात, पण हे पानांचे नव्हे, जिंकलेल्या हातांचे. मेजरमध्ये पहिल्या सहा हातांनंतरच्या प्रत्येक हाताला ३० मिळतात म्हणून चारची बोली पुरते, मायनरमध्ये २० च, म्हणून पाचपर्यंत जावं लागतं. पुढची बरीचशी यंत्रणा मेजर शोधण्यासाठी आहे ती यामुळे.

स्टेमन

१ नोट्रम्पवर २ किलवर म्हणजे "चार पानांचा मेजर आहे का?" त्या बोलीचा किलवरशी संबंध नाही. सॅम स्टेमनने १९४५ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. कल्पना त्याचा भिडू जॉर्ज रॅपे याची होती, नाव मात्र लिहिणाऱ्याचं राहिलं.

ओपनरकडे तीनच उत्तरं असतात. २ चौकट: चारचा मेजर नाही. २ बदाम: चार बदाम आहेत, इस्पिकही चार असू शकतात. २ इस्पिक: चार इस्पिक आहेत, बदाम चार नाहीत. इथे २ नोट्रम्प हे उत्तर अस्तित्वातच नाही. "मेजर नाही, पण १७ गुण आहेत" म्हणून कुणी २ नोट्रम्प बोललं, तर भिडूला त्याचा काहीच अर्थ लावता येणार नाही.

प्रश्न विचारायला किमान ८ गुण आणि निदान एक मेजर चार पानांचा हवा. हा खटाटोप कशासाठी, ते एका डावावर बघू.

ओपनर: इस्पिक राजा ८ ४, बदाम एक्का राणी ७ ३, चौकट एक्का ५, किलवर राजा १० ६ २.
भिडू: इस्पिक एक्का ७ ५, बदाम राजा गुलाम ८ ५, चौकट ८ ३, किलवर राणी गुलाम ७ ४.

दोघांचे मिळून २७ गुण. ३ नोट्रम्पवर चौकटीची उतारी आली की खेळ संपला. इस्पिकचे दोन, बदामाचे चार, चौकटीचा एक असे सातच हात तयार आहेत. उरलेले किलवरमधून काढायला गेलात की विरोधक एक्क्याने आत येतो आणि चौकट वाजवतो. त्याच पानांवर ४ बदाम आरामात बसतं. हुकूम ३-२ वाटले असले की इस्पिक, चौकट आणि किलवरचा एकेक हात द्यायचा आणि दहा घ्यायचे. विरोधकांचा लांब रंग हुकमाने थोपवता आला, एवढाच फरक.

आता पुढच्या बोली. २ चौकट उत्तर आलं तर ८–९ गुणांना २ नोट्रम्प, १० ते १५ ला ३ नोट्रम्प. विचारलेला मेजर जुळला तर ८–९ ला तीनची बोली, १० पासून पुढे सरळ चार. आणि सुरुवातीला म्हटलं ती जागा: १ नोट्रम्प – २ किलवर – २ बदाम – ३ नोट्रम्प. भिडूने मेजर विचारला, बदाम ऐकून तो खूश झाला नाही, म्हणजे त्याच्याकडे चार इस्पिक आहेतच. ओपनरकडे दोन्ही मेजर चार-चार असतील तर त्याने ४ इस्पिक बोलायचं. ३ नोट्रम्पऐवजी २ नोट्रम्प आलं असेल तरी तर्क तोच. फक्त तेव्हा किमान गुणांना ३ इस्पिक, कमाल गुणांना ४ इस्पिक.

पाच इस्पिक-चार बदाम किंवा उलट असेल आणि गेमची ताकद असेल तर ट्रान्सफर नव्हे, आधी स्टेमन. २ चौकट ऐकल्यावर पाच पानांचा मेजर तीनच्या पातळीवर दाखवायचा. ओपनरकडे त्यातली तीन पानं असली तर चार बोलेल, नाहीतर ३ नोट्रम्प. स्मोलेन खेळणाऱ्या जोड्या इथे मुद्दाम चार पानांचा मेजर बोलतात, म्हणजे पाच पानांचा रंग ओपनरच्या हातून खेळला जातो. दोन्हींतलं काय खेळणार ते आधी ठरलेलं असू द्या.

दोन अपवाद. ४-३-३-३ वाटप असेल तर चार पानांचा मेजर असूनही बहुतेक वेळा विचारू नये, कारण आखूड रंगच नसल्याने कापून मिळणारा जादा हात निघत नाही. आणि उलट टोकाचा: ३ गुण, चार इस्पिक, चार बदाम, चार चौकट, एकच किलवर. अशा पानांवर १ नोट्रम्प सोडून देणं म्हणजे भिडूला एकटं पाडणं. २ किलवर बोला आणि जे उत्तर येईल त्यावर पास करा. हे फक्त किलवर आखूड असतानाच चालतं. चौकट दोनच असेल आणि भिडू २ चौकट म्हणाला तर आगीतून फुफाट्यात.

जेकबी ट्रान्सफर

२ चौकट म्हणजे पाच किंवा जास्त बदाम, २ बदाम म्हणजे पाच किंवा जास्त इस्पिक. ओपनरने सांगितलेला रंग बोलायचा. बोलायचाच. त्याच्याकडे त्या रंगाची दोनच पानं असोत किंवा चौकट पाच असोत, पास नाही. या बोलीला किमान गुणांची अट नाही आणि कमाल मर्यादाही नाही. भिडूकडे शून्य गुण असू शकतात, १८ ही असू शकतात. ओपनरला ते अजून कळलेलं नाही, म्हणून त्याने डोकं लढवू नये.

शून्याच्या आसपास याचा उपयोग सर्वांत जास्त. पानं बघा: इस्पिक ७ ३, बदाम गुलाम १० ८ ६ ४, चौकट ९ ५ २, किलवर ८ ६ ४. एक गुण. १ नोट्रम्पवर पास केला तर ही तेरा पानं जवळपास निरुपयोगी, कारण इथे यायला वाटच नाही. २ बदाम हुकूम झाला की हेच बदाम दोन-तीन हात काढतात. म्हणजे पाच पानांचा मेजर आणि दरिद्री पानं असतील तर ट्रान्सफर करून पास करणं हाच धोपटमार्ग आहे. तेवढ्यासाठी ८ गुणांची वाट बघत बसू नका.

दुसरा फायदा उतारीचा: हुकमाचा रंग ओपनरने आधी बोलल्याने डाव तोच खेळतो. १ नोट्रम्पवाल्याच्या हाती किलवर राजा ५ आहेत आणि त्याच्या डावीकडच्याकडे किलवर एक्का-राणी आहे असं समजा. डाव भिडूने खेळायला घेतला तर ओपनरची पानं डमी म्हणून उघडी पडतात, उजवीकडून किलवर येतो आणि राजा चिरडला जातो. ओपनर स्वतः खेळत असेल तर पहिली उतारी त्या डावीकडच्याचीच. त्याने किलवर उतरला तर राजा जगला, नाही उतरला तर तुम्हाला वेळ मिळाला.

भिडूची दुसरी बोली त्याची ताकद सांगते:

- पास: ० ते ७ गुण.
- २ नोट्रम्प: ८–९, बरोबर पाच पानं. ओपनरला चार पर्याय आहेत: पास, मेजर तीन, मेजर चार, ३ नोट्रम्प.
- तोच मेजर तीन: ८–९ किंवा थोडे कमी, सहा पानं.
- ३ नोट्रम्प: १० ते १५, पाच पानं, समतोल. ओपनरकडे तीन पानं असतील तर सहसा ४ मेजर, दोन असतील तर पास.
- मेजर चार: सहा पानं, गेम, पुढे काही नाही.
- नवा मायनर तीन: चार किंवा जास्त पानं, गेमपर्यंत थांबायचं नाही.

५-५ मेजर आणि गेमची ताकद असेल तर आधी २ बदाम, मग ३ बदाम. ओपनर ज्याची जास्त पानं त्या रंगात चार बोलेल.

ओपनरला एकच सूट आहे. मेजरची चार पानं आणि १७ गुण असतील तर दोनऐवजी तीनची बोली करावी, म्हणजे सुपर ॲक्सेप्ट. पण भिडू शून्यावर असेल तर तीनचं ओझं तुम्ही दोघांनी मिळून घेतलं, हे लक्षात ठेवून. ती सूट तीन पानांवर घेणारे फार दिसतात. त्यात फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो.

आता या सगळ्याची किंमत. २ किलवर, २ चौकट आणि २ बदाम या तिन्ही बोलींचे नैसर्गिक अर्थ गेले. गरीब पानं आणि सहा चौकट असतील तर दोनवर थांबता येत नाही. त्यासाठी बऱ्याच जोड्या २ इस्पिक ही बोली "३ किलवर बोल" अशा अर्थी वापरतात. त्यावर पास म्हणजे किलवर, ३ चौकट म्हणजे चौकट. शिवाय कृत्रिम बोलीवर विरोधकाला फुकटची संधी मिळते. तुमच्या २ चौकटीवर त्याने डबल दिला (डावाचे गुण दुप्पट करायला सांगितलं) की त्याच्या भिडूला उतारी कळली.

विरोधक मध्ये पडला तर

हा भाग ठरवल्याशिवाय टेबलावर बसू नये. सोपी आणि लक्षात राहणारी व्यवस्था अशी: १ नोट्रम्पवर डबल आला तर स्टेमन-ट्रान्सफर सगळं जसंच्या तसं. २ किलवर आलं तर तुमचा डबल म्हणजे स्टेमन, बाकी तसंच. २ चौकट किंवा वर काही आलं तर यंत्रणा बंद, दोनच्या पातळीवरच्या बोली नैसर्गिक, स्पर्धेपुरत्या. याहून चांगल्या व्यवस्था आहेत, लेबेनसोल त्यांतली प्रसिद्ध. पण अर्धवट पाठ केलेल्या लेबेनसोलपेक्षा वरची तीन वाक्यं जास्त डाव वाचवतात.

ब्लॅकवुड, आणि ते कधी विचारू नये

ईझ्ली ब्लॅकवुडने १९३३ च्या सुमारास ही कल्पना लिहून 'ब्रिज वर्ल्ड' मासिकाकडे पाठवली होती आणि ती नाकारली गेली. आज तिच्याइतकं वापरलं जाणारं आणि तिच्याइतकं चुकीच्या जागी वापरलं जाणारं कन्व्हेन्शन दुसरं नसेल.

मूळ रूप: हुकूम ठरल्यावर ४ नोट्रम्प म्हणजे एक्के किती? ५ किलवर: शून्य किंवा चार. ५ चौकट: एक. ५ बदाम: दोन. ५ इस्पिक: तीन. नंतर ५ नोट्रम्पने राजे विचारायचे, तेही चारही एक्के आपल्या बाजूला असतील तरच.

आता बहुतेक जण की-कार्ड प्रकार खेळतात. चार एक्के आणि हुकमाचा राजा अशी पाच की-कार्डं, शिवाय हुकमाची राणी. चौदा-तीस पद्धतीत ५ किलवर म्हणजे एक किंवा चार, ५ चौकट म्हणजे शून्य किंवा तीन, ५ बदाम म्हणजे दोन (किंवा पाच) पण राणी नाही, ५ इस्पिक म्हणजे दोन (किंवा पाच) आणि राणी आहे. जुन्या पद्धतीत पहिल्या दोन पायऱ्या उलट असतात. नव्या भिडूबरोबर हे आधी विचारून घ्या.

तुमची पानं: इस्पिक एक्का राजा १० ७ ५, बदाम ६, चौकट राजा राणी गुलाम ४, किलवर एक्का ८ ३. तुम्ही १ इस्पिक उघडलं, भिडू ३ इस्पिक म्हणाला: चार इस्पिक, १० ते १२ गुण. तुमच्याकडे तीन की-कार्डं आहेत. बाहेर दोनच उरली, बदाम आणि चौकटीचे एक्के. ४ नोट्रम्प विचारा.

५ चौकट आलं तर शून्य. तीन असणं शक्यच नाही, कारण तीन तुमच्याच हातात आहेत. दोन एक्के गेले, ५ इस्पिकवर थांबा. ५ बदाम किंवा ५ इस्पिक आलं तर दोन्ही एक्के मिळाले, ६ इस्पिक. ५ किलवर आलं तर एक एक्का आहे, एक नाही. आता हुकमाचा हात देणं परवडणार नाही. नऊ पानांच्या हुकमात एक्का-राजा वाजवून राणी पडण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के, म्हणून राणी विचारा. त्यासाठी हुकूम सोडून लगेचची वरची बोली, इथे ५ चौकट. भिडू ५ इस्पिक म्हणाला तर राणी नाही, पास करा. दुसरी कुठलीही बोली आली तर राणी आहे. दोघांत मिळून दहा हुकूम आहेत हे भिडूला कळत असेल तर राणी नसतानाही "आहे" म्हणावं, कारण तेव्हा ती बहुधा पडतेच.

आता कधी विचारू नये. एक, एखादा रंग तुमच्याकडे अजिबात नसेल तेव्हा. भिडूने "एक" सांगितला आणि तो तुमच्या नसलेल्या रंगाचाच एक्का निघाला, तर त्याचा उपयोग नाही आणि ते तुम्हाला कळणारही नाही. दोन, न बोललेल्या रंगाची दोन किरकोळ पानं असतील तेव्हा. एक्का एकच बाहेर आहे असं समजून सहा बोलता आणि विरोधक त्याच रंगाचे एक्का-राजा वाजवतो. अशा वेळी एकेक रंगाचा ताबा दाखवणाऱ्या क्यू-बोली कराव्यात. तीन, उत्तर तुम्हाला तुमच्या हुकमाच्या पुढे ढकलू शकतं तेव्हा. हुकूम किलवर, साधं ब्लॅकवुड, तुमच्याकडे एकच एक्का. ५ चौकट आलं की दोन एक्के बाहेर आहेत हे कळतं, पण ५ किलवर मागे राहिलं. किलवर हुकूम असताना विचारण्याआधी प्रत्येक उत्तरावर तुम्ही काय बोलाल ते मनात म्हणून बघा. एकाही उत्तरावर अडत असाल तर विचारू नका.

आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे. १ नोट्रम्पवर सरळ ४ नोट्रम्प हे ब्लॅकवुड नव्हे. ते १६–१७ गुणांचं आमंत्रण आहे: कमाल गुण असतील तर ६ नोट्रम्प, नाहीतर पास. तिथे एक्केच हवे असतील तर ४ किलवर, म्हणजे गर्बर. उत्तरं पायरीने: ४ चौकट शून्य किंवा चार, ४ बदाम एक, ४ इस्पिक दोन, ४ नोट्रम्प तीन.

४ नोट्रम्पनंतर विरोधकाने पाचवर एखादा रंग बोलला तर: डबल म्हणजे शून्य, पास म्हणजे एक, लगेचची पुढची बोली म्हणजे दोन. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला हे वर्षाकाठी फार तर एखाद-दोनदा लागेल. पण लागेल तेव्हा स्लॅमचाच डाव असेल.

दोन डबल

टेकआउट डबल: विरोधकाने १ बदाम उघडलं, तुम्ही डबल दिला. अर्थ: ओपनिंगची ताकद, बदाम आखूड, बाकी तिन्ही रंगांत निदान तीन-तीन पानं, इस्पिक चार असतील तर उत्तम. १७–१८ किंवा जास्त गुण असतील तर वाटप कसंही चालतं, पण पुढे आपला रंग बोलून ते दाखवावं लागतं. गुण १३, पण तीन बदाम आणि दोनच इस्पिक असतील तर डबल देऊ नका. भिडू इस्पिकच बोलणार आणि तुम्ही तोंड लपवणार.

भिडूने शून्य गुणांवरही बोलायचं आहे. ८ पर्यंत किमान पातळीवर, ९ ते ११ ला एक पायरी उडी, १२ च्या पुढे गेम किंवा विरोधकाचाच रंग बोलून जोर दाखवायचा. "काहीच नाही म्हणून पास केला" ही या खेळातली महागडी चूक, कारण तो पास म्हणजे हुकमाची पाच बळकट पानं आहेत, याला इथेच बुडवू, असा निरोप असतो.

निगेटिव्ह डबल मात्र ओपनरचा भिडू देतो. १ चौकट, विरोधक १ इस्पिक, भिडूचा डबल: निदान चार बदाम, निदान ६ गुण, पण २ बदाम बोलायला लागणारी पाच पानं आणि १० गुण एकत्र नाहीत. विरोधकाची बोली दोनच्या पातळीवर असेल तर ८, तीनवर असेल तर १० गुण लागतात. मध्ये बदाम आला असेल तर बारकावा वेगळा: १ चौकट – १ बदाम – डबल म्हणजे बरोबर चार इस्पिक, आणि १ इस्पिक म्हणजे पाच. १९५७ मध्ये रॉथ आणि स्टोन यांच्या जोडीने हे रूढ केलं. त्याच साली सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाल्याने त्याला स्पुटनिक डबल असंही म्हणू लागले.

याची दुसरी बाजू ओपनरने सांभाळायची असते. डबल आता शिक्षेचा राहिला नाही, म्हणून विरोधकाच्या रंगाची राजा-गुलाम-दहा अशी पाच पानं धरलेल्या भिडूला पास करून गप्प बसावं लागतं. म्हणून १ चौकट – १ इस्पिक – पास – पास झालं आणि तुमच्याकडे इस्पिक एक-दोनच असतील, तर किमान गुणांवरही डबल द्या. भिडू दबा धरून बसला असेल तर पुन्हा पास करून तो शिक्षा वसूल करेल. तो खरंच दुबळा असेल तर रंग बोलेल.

सांगायचं कसं

मेंढीकोटात भिडूला भुवई उडवून हुकूम सांगणं हा खेळाचाच भाग मानणारी घरं आहेत. ब्रिजमध्ये बोली सोडून दुसरी कुठलीही खूण नियमाबाहेर आहे, आणि बोलीचा अर्थही गुपित ठेवता येत नाही. टेबलावर कृत्रिम बोलीचा अलर्ट, म्हणजे विरोधकांना द्यायची सूचना, बोलणाऱ्याने नव्हे, त्याच्या भिडूने द्यायचा. ब्रिज बेस ऑनलाइनसारख्या ठिकाणी उलट, बोली लावणाराच स्वतःच्या बोलीचा अर्थ लिहितो. स्टेमन, ट्रान्सफर यांना अलर्ट हवा, नुसतं जाहीर करायचं की काहीच नको, हे स्पर्धेगणिक बदलतं. आयोजकांचा कागद आधी वाचा.

गोची होते ती भिडूने चुकीचा अर्थ सांगितल्यावर. तुम्ही ट्रान्सफर म्हणून २ चौकट बोललात आणि त्याने "नैसर्गिक चौकट" असं सांगितलं. तुम्ही ते ऐकलं, पण वापरायचं नाही. त्याने बरोबरच सांगितलं आहे असं समजून पुढची बोली करायची. चेहरा पाडायचा नाही, लगेच दुरुस्तही करायचं नाही. डाव तुमच्या बाजूने खेळला जाणार असेल तर शेवटच्या पासनंतर, पहिल्या उतारीच्या आधी, डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावून खरा करार सांगायचा. तुम्ही बचावात असाल तर तेरावा हात पडेपर्यंत थांबायचं, कारण आधी तोंड उघडलंत तर भिडूलाही कळतं.